अकरा वाजता सुटलेला माणूस

१

“अकरा वाजता सुटले म्हणता, सव्वाचारला गेले म्हणता. मग मधले पाच तास माझे बाबा होते कुठे?”

व्हर्नीस बर्डसाँगने कागद टेबलावर ठेवला नाही, आपटला. ती शाळेची बस चालवायची. मार्चपासून शाळा बंद, बस बंद, आणि बाईच्या अंगातला सगळा जोर जिभेवर आलेला. टेबलापलीकडे ओडेसा प्रूइट मास्क सावरत कागद वाचत होती. ओडेसा ही टॅलोवा काउंटीची कॉरोनर. कोण कधी, कुठे, कशाने मेलं ते सरकारदरबारी लिहिणं हे तिचं निवडून आलेलं काम. आणि मेलेल्याला न्हाऊ घालून, सूट चढवून मातीपर्यंत पोचवणं हा बापाकडून आलेला धंदा. दोन्ही एकाच इमारतीत चालायचं. गावातले टवाळ म्हणायचे, ओडेसाच्या पुढच्या दारातून आत गेलेला माणूस मागच्या दारातून थेट वर जातो.

कागद तुरुंगाचा होता. ल्यूशस बर्डसाँग, वय एकाहत्तर, कोविडने अत्यवस्थ, सबब दयेच्या कायद्याखाली मंगळवारी सकाळी अकरा वाजता शिक्षेतून मुक्त. त्याच दिवशी दुपारी सव्वाचारला हॉस्पिटलात मृत्यू.

“मी चाळीस मिनिटांवर राहते, मिस ओडेसा. तेहेतीस वर्षं वाट बघितली मी. सुटले, तर मला एक फोन नको?”

“बाळा, हॉस्पिटलात सध्या कुणालाच आत सोडत नाहीत गं.”

“काचेतून बघितलं असतं! पार्किंगमध्ये उभी राहून हात हलवला असता! आता मला त्यांना बघायचंय. पिशवी उघडा.”

एप्रिलपासून ओडेसाने एकही पिशवी उघडली नव्हती. भीतीच तशी होती. पांढरी पिशवी यायची, वर नाव असायचं, सोबत कागद असायचा. कागदावरून नोंद करायची आणि पिशवी तशीच पेटीत. तीस वर्षांच्या धंद्यात तिने कधी कुणाला न बघता पुरलं नव्हतं, आणि या सात महिन्यांत बघून कुणालाच नाही. या गोष्टीची तिला मनातून लाज वाटायची. म्हणूनच असेल, ती निमूट उठली, हातमोजे चढवले आणि व्हर्नीसला काचेपलीकडे उभं करून पिशवीची चेन ओढली.

चेहरा शांत होता. व्हर्नीसने काचेवर कपाळ टेकलं आणि हुंदका दाबला. ओडेसा पायांवरची चादर नीट करायला वाकली, आणि तिचा हात थांबला.

पाय सुजून टम्म झालेले, आणि डाव्या घोट्याभोवती बोटभर रुंद खोल खाच. सगळीकडून सारखी, कडेने कातडं सोललेलं.

सुजलेल्या पायावर अंगठा दाबला की खळगा पडतो, हे तिला बापाने शिकवलं होतं. माणूस जिवंत असेल तर तो खळगा पाच-दहा मिनिटांत, फार तर तासाभरात भरून येतो. मेल्यावर भरत नाही. ही खाच आत्ता कुणी बेडी काढून नेल्यासारखी खोल होती.

म्हणजे अकरा वाजता मोकळा झालेला माणूस सव्वाचारला बेडीत मेला होता.

व्हर्नीस गेल्यावर ओडेसाने आपली नोंदवही काढली. ‘तुरुंगातून मुक्त, नंतर हॉस्पिटलात मृत्यू’ अशा नोंदी एप्रिलपासून किती? तिने बोटाने मोजल्या. चौदा. चौदाही ठिकाणी ‘कैदी’ की ‘मोकळा’ या प्रश्नापुढे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, मोकळा.

२

“बसा, मिस ओडेसा. गोड चहा घेणार? बर्फ टाकून?”

वॉर्डन हॉलिस क्रॅडक हा गोड बोलून गळा कापणाऱ्यातला. गुलाबी गाल, इस्त्रीचा शर्ट, टेबलावर नातवंडांचे फोटो. ओडेसाने चहा नाकारला. मास्क काढावा लागला असता.

“बर्डसाँगला सोडलं कुणी, साहेब?”

“मी. सही माझीच आहे की. मरणाऱ्या म्हाताऱ्याला जाता जाता मोकळं करणं, यात तुम्हाला खुपतं काय?”

“मुलीला कळवलं नाही.”

“गडबड असते हो. माझी निम्मी माणसं आजारी. रेकॉर्डवाली बाई एप्रिलपासून अंथरुणावर.” त्याने खणातून एक अहवाल काढून पुढे सरकवला. “तुमच्यासारख्या शहाण्या बाईला आकडेच दाखवतो. माझ्याकडे पंचावन्नच्या पुढचे चारशे बारा. साथीत मेले किती? तीन. बाहेर तुमच्या काउंटीत त्याच वयाचे चार हजार शंभर. मेले एकोणतीस. काढा हिशोब. हजारी सात इथे, हजारी सात तिथे. बराक काय नि घर काय, म्हातारपणी मरण सारखंच.”

“हा अहवाल कशासाठी?”

“सोमवारी जजबाईंपुढे ठेवायचाय. वकिलांनी अर्ज केलाय, पूर्वेच्या बराकीतले साठीपुढचे एकशे साठ म्हातारे घरी सोडा म्हणून. आत राहिले तर मरतील म्हणे! थंडीत दुसरी लाट येणार म्हणे!” तो हसला. “आकडे सांगतात, आत काही जास्त मरत नाहीत. मग सोडायचं कशाला?”

ओडेसा अहवाल घेऊन उठली. ती दारापर्यंत पोचते न पोचते तोच मागून तोच मधाळ आवाज आला.

“मिस ओडेसा, त्या चौदा नोंदी तुमच्याच सहीच्या आहेत, बरं का. शंका काढणार असाल तर आधी स्वतःच्या अक्षराची काढा.”

तिने वॉर्डनला चौदा हा आकडा सांगितलाच नव्हता. ती बर्डसाँग एकट्याबद्दल बोलायला आली होती.

३

चोराच्या मनात चांदणं, ते हे. पण चोरी नेमकी कसली, हे तिला अजून उमगत नव्हतं. मेलेल्याला मोकळा म्हटल्याने कुणाचं काय जातं?

हॉस्पिटलात बर्डसाँगच्या खोलीच्या दारावर त्या दिवशी पहाऱ्याला होता ट्रॅव्हन मॉस. ओडेसाने त्याच्या आजीला पुरलं होतं, त्यामुळे तो तोंडावर दार लावू शकला नाही. आपल्या घराच्या पोर्चवर बसून अक्रोडासारखे पेकान फोडत होता, डोळे खाली.

“मॉस, मोकळ्या माणसाच्या दारावर पहारा कशाला लागतो रे?”

“नाही लागत, मॅडम.”

“तू किती वाजेपर्यंत होतास?”

“साडेचार.” हातातला पेकान फुटेना, त्याने तो खाली ठेवला. “किल्ली माझ्या कमरेला होती. नर्स म्हणाली ‘गेले’, तेव्हा मी बेडी काढली. त्याआधी नाही. कुणी सांगितलंच नाही मला सुटकेचं. सातला परत आलो तर ऑफिसात टेबलावर कागद, सकाळी अकरा वाजता मुक्त! मला वाटलं, मीच येडा झालोय.”

“हे आत्तापर्यंत कुणाला सांगितलंस?”

“कुणाला सांगू? दोन लेकरं आहेत मला.” मग तो आपणहून बोलला. “दुपारी त्यांनी मला खूण केली. बेडीकडे बोट दाखवलं, सैल कर म्हणून. पाय सुजला होता. मी म्हटलं, नियम नाही. एवढंच म्हटलं मी, मॅडम. आता रोज डोळे मिटले की ते बोट दिसतं.”

ओडेसालाही दोन दिवस घोटेच दिसत होते. गाडीतून जाताना रस्त्याने चालणाऱ्या माणसांच्या पायांकडे लक्ष जायचं. तेरा पिशव्या तिने न उघडता मातीत घातल्या होत्या, आणि त्या तेरांचे घोटे आता कधीच कुणाला दिसणार नव्हते.

“कागद टाइप कोण करतं, मॉस?”

“ऑफिसातलं कुणीतरी. मी कधी विचारलं नाही.”

४

शनिवारी सकाळी तिने चौदाही सुटकेचे कागद जेवणाच्या टेबलावर पसरले. चौदा निरनिराळे गुन्हे, निरनिराळी वयं. सगळ्यांवर वॉर्डनची सही. प्रत्येक सुटकेच्या कागदावर एक रकाना असतो, सुटल्यावर कुठे जाणार. तिथे पत्ता लिहावाच लागतो.

माउंट निबो रोड. बेथेल चर्च रोड. शायलो लेन.

इतके दिवस तिला यात काहीच वावगं दिसलं नव्हतं. मोकळा माणूस मेला की हॉस्पिटल त्याला तिच्या ताब्यात देतं, ती कागदावरच्या पत्त्यावर पोचवते. पत्त्यावर चर्च निघालं, तिने चर्चमागे पुरलं. धंद्याच्या सवयीने तिला ते सरळच वाटलं होतं. ल्यूशसलाही तिने कालच माउंट निबोला माती दिली होती. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं! माउंट निबो रोडवर एकही घर नाही. एक चर्च, एक पाण्याची टाकी, आणि मागे कबरी. बेथेललाही तेच, शायलोलाही तेच. चौदा माणसं सुटल्यावर राहायला कबरस्तानात जाणार होती.

तिने व्हर्नीसला फोन लावला. “माउंट निबोला तुमचं कोण आहे?”

“आजी. बाबांची आई. सोळा वर्षं झाली.”

बाकीच्या घरी फोन करता करता दुपार झाली. बेथेलला आई. शायलोला आई. एकाची आईच नव्हती, मावशीने वाढवलं होतं. त्याच्या कागदावर मावशीचं चर्च होतं.

ओडेसा खुर्चीत मागे टेकली. आतापर्यंत तिच्या मनात एकच चेहरा होता, गुलाबी गालांचा. पण हॉलिस क्रॅडकला कुठल्या काळ्या म्हाताऱ्याची आई कुठल्या चर्चमागे निजलीय, हे सात जन्मांत ठाऊक असणार नाही. तुरुंगाच्या फायलीतही ते नसतं. हे लिहिणारा माणूस त्या चौदा जणांच्या घरातलाच असल्यासारखा होता.

तिने पुन्हा व्हर्नीसला गाठलं. “आजी गेली तेव्हा तुझ्या बाबांना आणलं होतं?”

“आणतात होय! पत्र आलं होतं त्यांचं. चर्चमध्ये वाचून दाखवायला. इतकं सुंदर पत्र की अख्खं चर्च रडलं. प्रत्येक कैद्याची आई गेली की येतं तसं पत्र.”

“बाबांनी लिहिलेलं?”

“छे! बाबांना सही करता येत नव्हती. आतला कुणी म्हातारा सगळ्यांना लिहून देतो. खाली सही असते त्याची, लिहिणार अँब्रोझ टॉलिव्हर.”

५

अँब्रोझ टॉलिव्हर, वय चौऱ्याहत्तर, आत एक्केचाळीस वर्षं. रेकॉर्डच्या खोलीत प्लास्टिकच्या पडद्यामागे तो बसला होता. रविवार होता. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी करायला कॉरोनरला कधीही आत जाता येतं. वॉर्डन चर्चला गेलेला, दारावरच्याने सोडलं.

“या, सिस्टर प्रूइट,” तो उठून उभा राहिला. “तुम्ही येणार हे मला ठाऊक होतं. फक्त उशीर फार केलात.”

“टाइप तुम्ही करता?”

“बाई आजारी पडल्यापासून मीच. इथे सगळं आम्हीच करतो. स्वयंपाक आम्ही, धुणं आम्ही, पेट्या आम्ही ठोकतो, खड्डे आम्ही खणतो. मग कागद कुणी करायचे?” त्याने लपवाछपवी केलीच नाही. “हॉस्पिटलातून फोन यायचा, अमुक गेला. मग मी टाइप करायचो, वेळ सकाळची टाकायचो.”

“का?”

“मैदान बघितलंत? कुंपणाच्या आतलं? इथे मेलेल्याला अठ्ठेचाळीस तासांत घरच्यांनी नेलं नाही तर तिथे पुरतात. क्रॉसवर नाव नाही, नंबर. या साथीत घरच्यांना दारात येऊ देत नाहीत, नेणार कोण? ल्यूशस मला म्हणायचा, ‘अँब्रोझ, जिवंतपणी नंबर होतो ते झालं, मेल्यावर तरी आईच्या शेजारी निजू दे.’ चाळीस वर्षं मी या पोरांच्या आयांची पत्रं लिहिली, बाई. कोण कुठे निजलीय ते मला पाठ आहे. मी त्यांना घरी पाठवलं.”

ओडेसाच्या डोळ्यांत पाणी आलं. हा माणूस तिला आवडला होता, आणि आता त्याला काय सांगायचं होतं ते तिच्या पर्समध्ये घडी करून ठेवलं होतं.

“वॉर्डनने सही कशी केली?”

“पहिल्या वेळी खेकसले. मी म्हटलं, साहेब, खड्डा खणायला सहा जण लागतात, त्यातले दोन खोकतायत. केली सही. पाचव्या वेळेपासून तेच विचारायला लागले, ‘टॉलिव्हर, कागद तयार आहे ना?’ मला वाटलं, देवाने त्याच्या काळजाला पाझर फोडला.”

“देवाने नाही, आकड्यांनी.” तिने अहवाल पडद्याखालून आत सरकवला. “हे वाचा. आत चारशे बारांत तीन मेले. बाहेर चार हजार शंभरांत एकोणतीस. दोन्हीकडे हजारी सात. दिसलं?”

“दिसलं.”

“तुमचे चौदा यात कुठे आहेत?”

तो वाचत राहिला. मग त्याचं बोट एकोणतीसवर थांबलं.

“बरोबर,” ओडेसा म्हणाली. “मोकळे, म्हणून बाहेर मोजले. माझ्याच सहीने. एका पारड्यातून चौदा उचलले आणि दुसऱ्यात टाकले, एका दगडात दोन पक्षी. आतलं हलकं झालं, बाहेरचं जड. आता उचलून जागच्या जागी ठेवा. आत तीन नाहीत, सतरा. बाहेर एकोणतीस नाहीत, पंधरा. आत हजारी एक्केचाळीस, बाहेर चारसुद्धा नाहीत. त्याच वयाचा माणूस घरी असता तर जितका मेला असता, त्याच्या अकरा पट इथे मरतोय, ब्रदर टॉलिव्हर. आणि उद्या जजबाईंना सांगणार आहेत की सारखंच आहे. एकशे साठ जण आत राहणार, थंडीभर.”

टॉलिव्हर खाली बसला. त्याने अहवाल टेबलावर पालथा घातला.

“मला ठाऊक नव्हतं,” तो म्हणाला. “देवाशप्पथ, बाई, हा कागद मी टाइप केलेला नाही. मी मेलेल्यांचं भलं करायला गेलो, आणि जिवंतांचा गळा आवळला.”

“आणि मी न बघता सह्या केल्या. आपण दोघं सारखेच.”

“मी लिहून दिलं तर?”

“तर उद्या खरं बाहेर येईल. पण सरकारी कागद खोटा केल्याचा नवा खटला तुमच्यावर. त्या एकशे साठांत तुमचंही नाव आहे ना?”

“बारावं,” तो म्हणाला. “बहिणीने खोली रंगवून ठेवलीय, म्हणे.”

बाहेर कुणाच्या तरी बुटांचा आवाज आला. टॉलिव्हरने अहवाल पटकन शर्टात सारला, आणि ओडेसाला उत्तर न मिळताच निघावं लागलं.

६

त्या रविवारी संध्याकाळपर्यंत ती घराघरांत फिरली. चौदा नोंदी बदलायच्या होत्या, आणि घरच्यांच्या तोंडावर सांगितल्याशिवाय ते करणं तिला पटेना. कुणी शिव्या दिल्या, कुणी दार लावलं. एका म्हातारीने पाउंड केक पुढे केला आणि रडत बसली. व्हर्नीसकडे ती शेवटी गेली, कारण तिचीच भीती जास्त. बेडीपासून एकशे साठांच्या अर्जापर्यंत सगळं तिने सांगून टाकलं.

“तुझे बाबा मोकळे गेले असं तू सगळ्यांना सांगितलंस, बाळा. मला ते खोडायला लागणार. कैदी लिहावं लागणार.”

“आणि माउंट निबो? उकरून मैदानात नेतील?”

“माझ्या अंगावरून जावं लागेल त्यांना. मातीत गेलेला माणूस कॉरोनरच्या सहीशिवाय हलत नाही.”

व्हर्नीस पायरीवर बसली.

“बेडीत मेले ना ते? मग बेडीत मेले असंच लिहा. खोटं मोकळेपण घेऊन काय चाटायचंय मला! आत आणखी एकशे साठ बाप बसलेत कुणाचे तरी. लिहा.”

सोमवारी सुनावणी संगणकाच्या पडद्यावरच झाली. क्रॅडक इस्त्रीच्या शर्टात, मॉस पांढराफटक, ओडेसा चौदा दुरुस्त नोंदी घेऊन. मॉसने बेडीची वेळ सांगितली. क्रॅडक म्हणाला, एका खुन्याने माझ्या पाठीमागे कागद खोटे केले, मी भोळेपणाने सह्या केल्या. चौदा वेळा भोळेपणा? जजबाईंनी विचारलं, आणि त्याचे गुलाबी गाल उतरले.

मग एका चौकटीत टॉलिव्हर दिसला. मागे विटांची भिंत, केस नीट विंचरलेले. तो नाही म्हणाला असता तरी ओडेसाने त्याला दोष दिला नसता.

“मिस्टर टॉलिव्हर,” जजबाई म्हणाल्या, “या जबाबावर सही केलीत तर तुमच्यावर नवा खटला होईल आणि या यादीतून तुमचं नाव मला काढावं लागेल. हे तुम्हाला कळतंय? वकिलाशी बोलायला वेळ हवाय का?”

“कळतंय, बाईसाहेब. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही.” तो किंचित हसला. “आजवर मी चौदा माणसं सोडली, ती सगळी मेल्यावर. जिवंत माणसं सुटताना एकदा बघायचीत मला. द्या कागद.”

नऊ दिवसांनी पूर्वेच्या बराकीतून एकशे एकोणसाठ म्हातारे बाहेर पडले. काठ्या, वॉकर, दोघे चाकाच्या खुर्चीत. बस कमी पडल्या तेव्हा व्हर्नीसने शाळेकडून आपली मागून आणली. ओडेसा फाटकाशी उभी होती. दारातून येणाऱ्या प्रत्येकाच्या पायांकडे ती बघत राहिली. कापडी बूट, चपला, एकाच्या पायात नुसतेच मोजे. ती इतकी रडली की मास्क बदलावा लागला.

आतलं तिला मॉसने दुसऱ्या दिवशी सांगितलं. सगळे गेल्यावर संध्याकाळी नेहमीसारखी मोजणी घ्यायची होती. एकशे साठ खाटांची बराक, गाद्या गुंडाळलेल्या. टॉलिव्हर आपल्या खाटेपाशी सरळ उभा होता. मॉसने नियमाप्रमाणे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन मोजलं, परत आला, आणि वहीत लिहिलं, एक.

“नीट मोजलंस ना, पोरा?” टॉलिव्हर म्हणाला. “परत एकदा बघ. इथल्या आकड्यांचा काही भरवसा नाही.”

मॉस पुन्हा त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. एकच होता.